उपवासकाळ (ख्रिस्ती धर्म)

उपवासकाळ किंवा लेंट हा ईस्टरपूर्वीचा प्रार्थना, उपवास व दानधर्म यांचा चाळीस दिवसांचा काळ होय. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत त्याचा आरंभ राखेच्या बुधवारी होतो. त्या दिवशी भाविकांच्या कपाळावर राखेने क्रूसाची खूण करतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्यातील ६ रविवार उपवासात धरले जात नाहीत.

बायबलमधील आधार

येशूने आपल्या कार्यास आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. सहाव्या अध्यायात उपवासाचे प्रदर्शन न करता तो गुप्तपणे करावा, अशी शिकवण आहे. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ५८वा अध्याय अधिक कठोर आहे. मजुरांना राबवून घेणाऱ्यांचा उपवास तो नाकारतो आणि भुकेल्याला अन्न देणे व पीडितांना मुक्त करणे यांनाच खरा उपवास मानतो.

इतिहास

'डिडाखे' या आद्य ख्रिस्ती ग्रंथात बुधवारी व शुक्रवारी उपवास करण्यास सांगितले आहे. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्व चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. धर्मसुधारणेच्या काळात उपवासाच्या सक्तीवरून वाद झाला. १५२२ मध्ये झुरिच येथे एका मुद्रकाच्या घरी उपवासकाळात मांस खाल्ले गेले. तेथे उपस्थित असलेल्या झ्विंग्लीने स्वतः मांस खाल्ले नाही. मात्र उपवास ऐच्छिक असावा, असे प्रतिपादन केले.

नियम

कॅथलिक चर्चमध्ये राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे सक्तीच्या उपवासाचे दिवस आहेत. या दिवशी एकच पूर्ण जेवण व दोन वेळा अल्पाहार घेण्याची प्रथा आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, तर मांसवर्ज्य १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना बंधनकारक आहे. आजारी व्यक्ती व गर्भवती स्त्रिया यांना सूट असते. ऑर्थोडॉक्स परंपरेत मांसाबरोबर अंडी व दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य असतात.

आत्मत्यागाचा अर्थ

ख्रिस्ती विचारात अन्न किंवा शरीर वाईट मानलेले नाही. चांगल्या वस्तूचा काही काळ स्वेच्छेने त्याग करणे, हा उपवासाचा अर्थ आहे. पाचव्या शतकातील जॉन कॅसियन याने अतिभोजनाइतकाच अतिउपवासही घातक मानला. त्याच शतकात पोप लिओ पहिले यांनी उपवासाची सांगड दानाशी घातली. त्यांच्या मते स्वतःच्या जेवणातून वाचलेले अन्न गरिबांच्या उपयोगी पडले पाहिजे.

भारतातील प्रथा

केरळमधील सीरियन ख्रिस्ती समाज ईस्टरपूर्वी पन्नास दिवसांचा 'नोम्बु' पाळतो. महाराष्ट्रातील वसई परिसरातील मराठीभाषक कॅथलिक समाजात, तसेच गोव्यात, या काळात 'क्रूसाची वाट' ही भक्ती केली जाते.