परत आल्यावर खुर्ची कुणाची? प्रतिनियुक्ती आणि धारणाधिकाराची गोष्ट

(भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)

सरकारी कचेरीत ज्यांनी नोकरी केली, किंवा ज्यांच्या घरात कुणी केली, त्यांच्या कानावरून हे वाक्य नक्की गेलेलं असणार: "साहेब डेप्युटेशनवर गेलेत." म्हणजे गेलेत, पण पूर्ण गेलेले नाहीत. पगार दुसरीकडून, हजेरी दुसरीकडे, आणि नाव मात्र जुन्याच ज्येष्ठता यादीत. मग तीन वर्षांनी, पाच वर्षांनी साहेब परत येतात. त्यांच्या टेबलावर दुसरंच कुणी बसलेलं असतं, आणि त्यांच्या हाताखाली काम शिकलेला माणूस एव्हाना त्यांच्या वरच्या पदावर गेलेला असतो. आता काय? मधली वर्षं मोजायची की नाही? तिकडे मिळालेली बढती इकडे चालते का? आणि मुळात परत घ्यायलाच नकार दिला तर?

आज याच प्रश्नांचा इतिहास बघू.

आधी शब्द समजून घेऊ

डेप्युटेशनला आपण मराठीत प्रतिनियुक्ती म्हणतो. सरकारी कर्मचारी सरकारबाहेरच्या संस्थेत, म्हणजे एखाद्या महामंडळात वगैरे गेला, तर महाराष्ट्राच्या नियमांत त्याला 'स्वीयेतर सेवा' असा शब्द आहे. स्वतःची नसलेली सेवा. शब्द अवघड आहे, पण अर्थ नेमका आहे.

दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा: धारणाधिकार. इंग्रजी राजवटीतल्या नियमांत तो 'लीन' म्हणून आला. हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ बंध. कायद्यात तो देण्याघेण्याच्या व्यवहारात वापरतात. समजा तुम्ही घड्याळ दुरुस्तीला दिलंत. मजुरी चुकती होईपर्यंत ते अडवून ठेवण्याचा कारागिराला जो हक्क, तो लीन. नोकरीच्या नियमांत हाच शब्द उलट्या बाजूने आला. इथे कर्मचारी दूर असतो आणि त्याचा बंध पदावर असतो. शरीराने तो कुठेही असो, मूळ आस्थापनेतलं एक पद त्याच्या नावाशी बांधलेलं राहतं.

उसनवारी जुनीच

माणसं उसनी देण्याची पद्धत इंग्रजांच्या काळात चांगलीच रुजली होती. संस्थानांना अनुभवी अधिकारी लागत, आणि ब्रिटिश सरकारलाही संस्थानांत आपली माणसं असलेली हवी असत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेच आपले सयाजीराव गायकवाड. त्यांना शिकवायला नेमलेले एफ. ए. एच. इलियट हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसचे अधिकारी होते.

पुढे १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात केंद्रीय सचिवालयासाठी 'टेन्युअर' पद्धत पक्की झाली. प्रांतांतून अधिकारी यायचे, ठराविक मुदत काम करायचं आणि आपल्या प्रांतात परत जायचं. त्यामागचा विचार साधा होता. जिल्ह्यात काम केलेला माणूस सचिवालयात बसावा, आणि सचिवालय पाहिलेला माणूस जिल्ह्यात परतावा. आजच्या आयएएस अधिकाऱ्यांची केंद्रातली प्रतिनियुक्ती याच वाटेने आली आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी व्यवस्था परतीच्या भरवशावर चालते. परत आल्यावर जागा मिळेल याची खात्री नसेल तर कोण जाईल? जायला तयार होतील ते बहुधा ज्यांची इथे कुणाला गरज नाही तेच. म्हणजे उसना घेणाऱ्यालाही चांगला माणूस मिळणार नाही. परतीच्या हक्काकडे कर्मचाऱ्यावरचा उपकार म्हणून बघितलं जातं, पण त्या हक्काशिवाय उसनवारीच होऊ शकत नाही.

१९२२: हक्क कागदावर आला

१ जानेवारी १९२२ पासून 'फंडामेंटल रूल्स' म्हणजे मूलभूत नियम लागू झाले. नंतर त्यांत पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण केंद्र सरकारच्या सेवेत आजही तेच नियम चालतात. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या.

पहिली. कर्मचाऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध स्वीयेतर सेवेत पाठवता येत नाही. याला अपवाद आहे: जी संस्था पूर्णपणे किंवा बव्हंशी सरकारच्याच मालकीची वा ताब्यातली आहे, तिथे हे संरक्षण नाही.

दुसरी. बाहेर गेलेला माणूस आपल्या मूळ केडरमध्येच राहतो आणि तिथल्या बढतीसाठी त्याचा विचार होऊ शकतो. त्याच्या पेन्शनसाठी आणि रजा-वेतनासाठी अंशदान भरायचं, तेही याच व्यवस्थेचा भाग. म्हणजे मधली वर्षं कोरी राहत नाहीत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. नियम १४-अ सांगतो की धारणाधिकार संपवल्यामुळे कर्मचारी कुठल्याच पदाशी बांधलेला राहणार नसेल, तर तो संपवता येत नाही. कर्मचाऱ्याची संमती असली तरीही नाही! दुसऱ्या पदावर रीतसर हक्क मिळाला की पहिला सुटतो, तो भाग वेगळा. पण अधांतरी सोडता येत नाही. कचेरीत संमती कशी 'मिळवली' जाते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या तीन शब्दांची किंमत वेगळी सांगायला नको.

महाराष्ट्राने १९८१ मध्ये आपले नागरी सेवा नियम नव्याने केले. त्यात पदग्रहण अवधी, स्वीयेतर सेवा, निलंबन वगैरेंसाठी स्वतंत्र नियमपुस्तिका आहे. त्याआधी आपल्याकडे मुंबई नागरी सेवा नियम होते, आणि पुढची गोष्ट त्याच नियमांवर उभी आहे.

मुंबई राज्याचा एक कारकून

जुन्या मुंबई राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात एक अप्पर डिव्हिजन क्लार्क होते. त्यांना प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या खात्यात पाठवलं गेलं. तिथे काम चांगलं झालं, बढत्याही मिळाल्या. मध्येच १९५६ ची राज्य पुनर्रचना आली. मुंबई राज्याचे कन्नड भाषक जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि हे गृहस्थही म्हैसूरच्या वाट्याला आले. मूळ खात्यात परतले तेव्हा चित्र असं, की यादीत त्यांच्या लगेच खाली असलेला माणूस वर गेलेला, आणि यांना मात्र खालची जागा.

प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. म्हैसूर सरकारचं अपील होतं, निकाल १९६५ च्या निवाड्यांच्या संग्रहात आहे. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं, की बढती हा काही कुणाचा हक्क नाही. कोर्टाने मुंबई नागरी सेवा नियमांतला नियम ५० (ब) वाचला आणि उलट सांगितलं. या नियमाने प्रतिनियुक्तीवरची सेवा मूळ खात्यातल्या सेवेच्या बरोबरीची धरली आहे. तिकडचं काम समाधानकारक असेल तर ते इथेच केलं असं मानायचं, आणि ज्येष्ठता व पात्रतेवर इथे ज्या बढत्या मिळाल्या असत्या त्या द्यायच्या.

नीट ऐका, कोर्टाने काय दिलं आणि काय दिलं नाही. तिकडे मिळालेलं पद इकडे आणा, असं म्हटलं नाही. म्हटलं ते एवढंच: हा माणूस कुठेच गेला नसता तर आज जिथे असता, तिथे त्याला ठेवा. परतीच्या हक्काचं माप हेच आहे, ना कमी ना जास्त.

हीच कल्पना प्रशासनात 'नेक्स्ट बिलो रूल' म्हणून ओळखली जाते. केडरबाहेर असताना तुमच्या लगेच खालच्याला ज्येष्ठतेनुसार बढती मिळाली, तर तुम्हालाही ती कागदोपत्री मिळते. आणि आपल्या मंत्रालयात 'मानीव दिनांक' नावाचा जो प्रकार आहे, तो यातलाच भाऊबंद. बढती आज मिळाली, पण ती अमुक तारखेला मिळाली असं मानायचं. ती एक तारीख मिळवण्यासाठी माणसं निवृत्तीनंतरही फाइलींमागे फिरतात.

नाण्याची दुसरी बाजू

परत येण्याचा हक्क आहे, तसं परत जावंही लागतं. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर पंजाब पोलिसांचं प्रकरण आलं. जिल्हा पोलिसांतले शिपाई सीआयडीत प्रतिनियुक्तीवर गेले, वर्षानुवर्षं तिथेच राहिले, तिथे वरच्या हुद्द्यांवर पोचले. मग एक दिवस आदेश आला: मूळ जागी, मूळ हुद्द्यावर परत जा. हायकोर्टाने त्यांची बाजू घेतली होती. सुप्रीम कोर्टाने मात्र सांगितलं, की प्रतिनियुक्ती म्हणजे तात्पुरतं जाणं, त्या हुद्द्यावर कायम राहण्याचा हक्क त्यातून येत नाही.

कल्पना करा. खांद्यावर फीत लावून फिरलेला माणूस, मुलं त्याच ओळखीवर मोठी झालेली, आणि आता पुन्हा शिपाई. कायदा त्याच्या जागी बरोबर असेलही. पण इतकी वर्षं त्यांना परत का बोलावलं नाही, हा प्रश्न उरतोच. प्रतिनियुक्ती लांबत गेली की तोटा शेवटी कर्मचाऱ्याच्याच पदरात पडतो.

म्हणूनच पुढे केंद्राने मुदतीचे नियम कडक केले. २०१० च्या आदेशांनुसार मुदत संपली आणि आधी लेखी वाढ मिळालेली नसेल, तर कर्मचारी त्या दिवशी कार्यमुक्त झाला असंच धरतात. पुढे २०१६ मध्ये कमाल मर्यादा सात वर्षांपर्यंत नेली. शिवाय प्रतिनियुक्तीला तिघांचा होकार लागतो: देणारा, घेणारा आणि जाणारा. एकाच्या मर्जीवर ती चालत नाही.

परत जायला घरच नसेल तर?

आता अवघड भाग. १ एप्रिल १९८६ ला महानगर टेलिफोन निगम सुरू झालं, मुंबई आणि दिल्लीसाठी. दूरसंचार खात्याची माणसं होती तिथेच राहिली. तीच एक्सचेंज, तीच केबल, तोच लोकलचा पास. कागदावर मात्र ती सगळी 'मानीव प्रतिनियुक्ती'वर गेली, आणि तीही प्रतिनियुक्ती भत्त्याशिवाय. काहीजण तर दहा-बारा वर्षं अशीच होती. मग विकल्प मागितले गेले: निगममध्ये सामावून घ्यायचं की नाही? १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झालं तेव्हा हेच देशभर घडलं. त्याच्या तोंडावर पेन्शन नियमांत ३७-अ हा नियम घातला गेला. सामावून गेलेल्यांची आधीची सरकारी सेवा पेन्शनला धरायची, आणि ज्यांना सरकारी सेवेतच परतायचं आहे त्यांची व्यवस्था सरप्लस सेलमार्फत करायची.

सरप्लस! म्हणजे परतीचा हक्क शाबूत, पण परत जाण्यासारखं खातंच शिल्लक नाही.

अशा वेळी कामाला येतो तो एक जुना विलायती निवाडा. १९३७ मध्ये यॉर्कशरमधल्या कोळसा खाणीतला नोक्स नावाचा कामगार कामावर गेला नाही म्हणून त्याच्यावर खटला झाला. त्याची कंपनी कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती, आणि खटला नव्या मालकाने भरला होता. १९४० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की यंत्रं, जमीन, देणीघेणी बदलीत जातील, पण माणसाचा नोकरीचा करार त्याच्या संमतीशिवाय जाणार नाही. आपला मालक निवडता येणं हाच नोकर आणि वेठबिगार यांतला फरक आहे. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये हेच तत्त्व लावलं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचं इंफाळचं केंद्र मणिपूर विद्यापीठाकडे गेलं, पण तिथल्या एका प्राध्यापकाची नोकरी जेएनयूचीच राहिली, कारण त्यांनी संमती दिलेली नव्हती.

मग आज काय बघायचं?

सरकारी सेवेतल्यांनी जाण्याआधी आदेशात चार गोष्टी शोधाव्यात. मुदत किती? धारणाधिकार कुठल्या पदावर? पेन्शनचं अंशदान कोण भरणार? आणि गोपनीय अहवाल कोण लिहिणार, तो मूळ खात्यात पोचणार का? अहवाल पोचले नाहीत की पदोन्नती समितीपुढे माणूस असून नसल्यासारखा होतो. राजीनामा देऊन दुसऱ्या सरकारी नोकरीत जात असाल, तर तो 'तांत्रिक राजीनामा' आहे का ते बघा. केंद्रात अशा वेळी धारणाधिकार साधारण दोन वर्षं राहतो, खास परिस्थितीत तीन.

आणि खाजगी नोकरीतल्यांसाठी एक कडू गोष्ट. तुम्हाला मूलभूत नियम लागू नाहीत. कंपनीने तुम्हाला उपकंपनीत किंवा परदेशी शाखेत पाठवलं, तर परतीचा हक्क जो काय आहे तो तुमच्या पत्रात लिहिलेला. साहेबांनी निरोप देताना हात हातात घेऊन "तुझी जागा तुझीच आहे" म्हटलेलं, ते साहेब तीन वर्षांनी तिथे असतीलच असं नाही.

त्या कारकुनाच्या प्रकरणात शेवटी उपयोगी पडला तो छापलेला एक नियम. इतक्या वर्षांत खातं बदललं, राज्य बदललं, राजधानी बदलली. नियमातली ओळ मात्र तशीच होती.

तुमच्या घरात कुणाचा असा अनुभव असेल तर जरूर लिहा, नावं न देता लिहिलंत तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.