ओबान, झाशी आणि व्हेरहुल्स्टचे समीकरण

बबीना ही झाशीच्या दक्षिणेस वसलेली लष्करी छावणी. एप्रिल २०२३ मध्ये याच झाशी जिल्ह्याच्या सीमेच्या दिशेने एक चित्ता चालत निघाला होता. नामिबियाहून आणलेला हा ओबान कुनो राष्ट्रीय उद्यान मागे टाकून शिवपुरी जिल्ह्यातील करैराच्या जंगलापर्यंत आला. उत्तर प्रदेशात शिरण्यापूर्वीच त्याला बेशुद्ध करून परत नेण्यात आले. एखादे जंगल किती प्राणी पोसू शकते, हा जुनाच प्रश्न त्याच्या भटकंतीने पुन्हा समोर आणला.

१८३८ मध्ये बेल्जियन गणिती व्हेरहुल्स्ट यांनी त्याला समीकरणाचे रूप दिले:

वाढीचा वेग = नैसर्गिक वाढदर × संख्या × (१ − संख्या ÷ धारणक्षमता)

संख्या अल्प असता वाढ चक्रवाढ व्याजासारखी होते. धारणक्षमता जवळ येताच ती मंदावते व अखेर थांबते. खरी अडचण धारणक्षमता ठरवण्यात होती. व्हेरहुल्स्ट यांनी बेल्जियमच्या लोकसंख्येची मर्यादा प्रथम सुमारे ६६ लाख आणि नंतर ९४ लाख काढली. आज तेथे १ कोटी १० लाखांहून अधिक लोक राहतात. पुढे विस्मृतीत गेलेले हे सूत्र १९२० मध्ये पर्ल आणि रीड या अमेरिकी संशोधकांनी स्वतंत्रपणे पुन्हा मांडले.

भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. पुनर्वसनाच्या २०२२ च्या कृती आराखड्यात, उपलब्ध भक्ष्याच्या आधारे, कुनोची क्षमता २१ चित्ते धरली गेली. भोवतालचा विस्तृत प्रदेश सुधारल्यास ३६. नामिबियाचे ८ आणि दक्षिण आफ्रिकेचे १२ मिळून फेब्रुवारी २०२३ मध्ये संख्या २० झाली. आता कंसातील पद काढून पाहावे. क्षमता २१ असेल, तर ते सुमारे ०.०५ येते; ३६ असेल, तर ०.४४. प्राणी तेवढेच, वाढदरही तोच. तरीही अपेक्षित वाढीत जवळपास नऊपट अंतर!

शिवाय हे समीकरण प्रदेश बंदिस्त असल्याचे गृहीत धरते आणि एकेका जिवाचा विचार करत नाही. वीस प्राण्यांत मात्र एका मादीचा मृत्यूही आलेख वाकवतो आणि एक नर दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाऊ शकतो.

कुनो ते झाशी या पट्ट्यातील माळ, शेते आणि गुरे धारणक्षमतेच्या हिशेबात धरायची की नाही, याचे उत्तर सूत्रात नाही. ते वनखात्याला आणि तेथील गावकऱ्यांना मिळून ठरवावे लागेल.