फ्रीलान्स लेखनाचा हंगाम: काम खरंच कमी झालंय की फक्त तारखा सरकल्यात?

फ्रीलान्स लेखन म्हणजे नोकरी न करता कामागणिक पैसे घेऊन लिहिणं. यात वेबसाइटचे लेख, जाहिरातीचा मजकूर, यूट्यूबची स्क्रिप्ट, भाषांतर असं सगळं येतं. मी हे काम लोणंदमधून करतो, बरंचसं फोनवर. नवीन मुलं मला दराबद्दल विचारतात, पण त्यांना खरा त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दोन महिने श्वास घ्यायला वेळ नसतो आणि मग अचानक इनबॉक्स कोरडा पडतो. अशा वेळी हा नेहमीचा हंगामी उतार आहे की हे काम आता कायमचं गेलं, हे कळायला हवं. हंगाम असेल तर थांबायचं असतं, काम गेलं असेल तर दुसरं शिकायचं असतं. उलटं केलं की वर्ष वाया जातं.

लिहिण्याचा हंगाम आणि छापण्याचा हंगाम वेगळा

आमच्याकडे कांद्याचा बाजार मोठा आहे, म्हणून तोच दाखला देतो. कांदा बाजारात येतो तेव्हा लागवडीचं काम कधीच संपलेलं असतं. लेखनाचंही तसंच. मराठीत दिवाळी अंकाची परंपरा १९०९ पासूनची, का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकापासूनची. अंक दिवाळीत दिसतो, पण त्याचा मजकूर पावसाळ्यातच मागितला जातो आणि मानधन दिवाळीनंतर सवडीने येतं. ऑनलाइन दुकानांचा आणि ब्रँडचा दिवाळीचा मजकूरसुद्धा साधारण दीड-दोन महिने आधी ठरतो. म्हणजे लोक खरेदी करत असतात त्या आठवड्यात लेखक रिकामा असतो. तो रिकामपणा बघून घाबरू नका.

बाकीचं वर्ष थोडक्यात सांगतो. मार्चमध्ये कंपन्या उरलेलं बजेट संपवतात, म्हणून काम येतं. एप्रिलमध्ये नवीन बजेट मंजूर व्हायचं असतं, म्हणून थंड. मे-जूनमध्ये निकाल आणि प्रवेश. परदेशी ग्राहक असतील तर नाताळाच्या आधीपासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुणी ईमेललाही उत्तर देत नाही. स्वतःचा ब्लॉग असेल तर सणासुदीत जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत पडतात, वाचक तेवढेच असले तरी. त्यात अॅडसेन्सचा नियम असा की जमा रक्कम १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि सुटले तर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. मंदीत रक्कम कमी होते आणि शिवाय पुढेही ढकलली जाते.

जूनची तुलना जूनशी करू नका

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत तो सापडत नाही. ते सांगतात की या महिन्याची कमाई मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. आपल्याकडे मराठी मजकुराचं निम्मं काम तिथीवर चालतं, आणि तिथी इंग्रजी कॅलेंडरमध्ये दरवर्षी सरकते.

लोणंदला हे डोळ्यांसमोर दिसतं. माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या दिवसांत पालखीचं वेळापत्रक, मुक्काम, रिंगण यावरचे लेख आणि व्हिडिओ धडाधड लागतात. आता आळंदीहून प्रस्थान बघा: २०२३ मध्ये ११ जून, २०२४ मध्ये २९ जून, २०२५ मध्ये १९ जून. २०२३ चं वारीचं जवळजवळ सगळं काम जूनमध्ये पडलं. २०२४ मध्ये आषाढी एकादशीच १७ जुलैला होती, म्हणजे बरंचसं काम जुलैत गेलं. नुसता जून बघणाऱ्याला वाटणार की धंदा बसला. (मुक्कामाच्या दिवशी गर्दीने मोबाइल नेटवर्क जाम होतं, म्हणून मी फाइली आदल्या रात्रीच पाठवून ठेवतो. पालखी मार्गावर राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.)

गणपतीचं तर अंतर आणखी मोठं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. दोन वर्षांत तीन आठवड्यांहून जास्त फरक! २०२३ ला अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढचे सगळे सण मागे गेले.

तिथीशी संबंध नसलेल्या गोष्टीही सरकतात. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०२३ मध्ये २ जूनला, २०२४ मध्ये २७ मेला आणि २०२५ मध्ये १३ मेलाच लागला, कारण त्या वर्षी परीक्षाच लवकर घेतल्या. निकाल कसा बघायचा, अकरावीचा अर्ज कसा भरायचा, असे लेख लिहिणाऱ्याचा पूर्ण हंगाम दोन वर्षांत जवळजवळ तीन आठवडे अलीकडे आला.

फोनवर नोंद कशी ठेवायची

गुगल शीट्स अॅप पुरेसं आहे. एका कामाला एक ओळ. रकाने एवढेच: काम आलं ती तारीख, कोणत्या सणाचं किंवा घटनेचं, कामाचा प्रकार, शब्द, रक्कम, पैसे आले ती तारीख. बहुतेक जण फक्त शेवटची तारीख लिहितात, कारण बँकेचा मेसेज समोर असतो. पण पैसे आल्याच्या तारखेवरून हंगाम कळत नाही, ग्राहक किती ढिला आहे एवढंच कळतं. माझ्या एका ग्राहकाने सप्टेंबरच्या कामाचे पैसे फेब्रुवारीत दिले. बँकेच्या नोंदीवर गेलो असतो तर फेब्रुवारी हा माझा जोरदार महिना ठरला असता.

‘कोणत्या सणाचं’ या रकान्यावर फिल्टर लावा, रकमेचा रकाना निवडा, अॅप खाली बेरीज दाखवतं. गणपती विरुद्ध गणपती, निकाल विरुद्ध निकाल अशी तुलना करा. निदान दोन वर्षांच्या ओळी हव्यात, त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

गुगल ट्रेंड्सवर बाजार बघा

आपली नोंद फक्त आपल्याबद्दल सांगते. लोकांची भूक कधी जागी होते हे गुगल ट्रेंड्सवर फुकटात दिसतं. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, ‘गणपती सजावट’ असा शब्द टाका, जागा भारत आणि मग महाराष्ट्र निवडा, काळ मागची पाच वर्षं. रेषेचं टोक वर्षागणिक पुढे-मागे झालेलं दिसेल.

इथे तीन गोष्टी लक्षात घ्या. १०० म्हणजे शंभर लोक नव्हे. निवडलेल्या काळातला सर्वोच्च क्षण १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात मांडलेलं असतं. शून्य दिसलं तरी कुणी शोधलंच नाही असं नसतं, आकडा फार लहान असतो. आणि आपल्यातले अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, ट्रेंड्स त्याला वेगळा शब्द मानतं. दोन्ही लिपींतले शब्द अधिक चिन्हाने जोडून टाकले तर एकत्र बेरीज मिळते.

रेषा चढायला लागते त्याच्या सहा ते आठ आठवडे आधी ग्राहकाला विषय सुचवणारा मेसेज जायला हवा. टोकावर असताना मेसेज केला तर काम दुसऱ्याला दिलेलं असतं.

हंगाम की कायमचा उतार?

सणाशी सण जुळवूनही दोन वर्षं सलग आकडा घटला, तर तो हंगाम नव्हे. आणखी एक खूण: हंगामी उतारात सगळ्या प्रकारचं काम एकदम मंदावतं, कायमच्या उतारात एकच प्रकार आटतो आणि बाकीचे चालू राहतात. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. त्यानंतर माझ्या शीटमध्ये वस्तूंची वर्णनं आणि साधं भाषांतर हे दोन प्रकार कुठल्याही सणाला परत वर आले नाहीत. गावात जाऊन, माणसांशी बोलून लिहायचं काम मात्र वारी आली की येतं. माझं मत विचाराल तर ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणत वर्णनांच्या कामाची वाट बघणं आता सोडावं.

पैशाचं

दोन बँक खाती ठेवा. एकात फक्त कमाई येईल. त्यातून दर महिन्याच्या १ तारखेला ठरलेली रक्कम दुसऱ्यात जाईल. बँकेच्या अॅपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावता येते. समजा वर्षाचे २,४०,००० मिळतात, तर महिना १६,००० च घ्या, २०,००० नाही. उरलेलं एप्रिलसाठी आणि उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी.

उशिरावर कायदाही आहे. उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि फुकट होते. फी मागणारी वेबसाइट दिसली तर बाहेर पडा. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाहीतर ऑनलाइन तक्रार करता येते. मी अजून तक्रार केलेली नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून ‘पुढच्या आठवड्यात करतो’ हे वाक्य कमी ऐकू येतं.

२०२६ साठी शीटमध्ये तारखा आत्ताच भरून ठेवा. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. २०२५ मध्ये सजावटीच्या लेखांची विचारणा जुलैच्या सुरुवातीला येत होती. २०२६ मध्ये ती जुलैच्या शेवटी, म्हणजे ऐन आषाढीच्या सुमारास येईल. वारीचं आणि गणपतीचं काम एकमेकांवर चढणार आहे, तेव्हा दोन्हीकडे एकच तारीख कबूल करू नका.