सतारीऐवजी बँजो का वाजला?

मंडळाच्या गणेशोत्सवातला तो प्रसंग बहुतेकांना आठवत असेल. भक्तिगीताचे ध्रुवपद संपले, तबला समेवर आला आणि जिथे सतारीचा तुकडा यायचा तिथे खणखणीत बँजो वाजला. तोही आपल्या मिरवणुकीतला नव्हे, चांगला अमेरिकन! सभागृहात हशा पिकला. कीबोर्डवर बसलेला मुलगा अवघ्या पंधरा वर्षांचा. आमच्यापैकीच कोणीतरी म्हणाले, "नुसते बटण दाबायचे, तेही जमू नये?" त्या दिवसापासून तो तालमीला फिरकलेला नाही.

पुढे आम्ही कार्यकारिणीतल्या दोघातिघांनी या 'नुसत्या बटणा'चा इतिहास वाचून काढला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वाजवता वाजवता नाद कसा बदलायचा, हा प्रश्न आपण राहतो त्या देशात फार जुना आहे. हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमधला थोरला ऑर्गन क्रिस्टियान म्युलर याने १७३८ साली पुरा केला. १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोत्सार्टने तो वाजवला होता. आपल्या पेटीला चारदोन स्टॉप असतात, तसे या ऑर्गनला साठाहून अधिक. एक खुंटी ओढली की बासरीसारखा नाद, दुसरी ओढली की तुतारीसारखा. पण वादकाचे दोन्ही हात पट्ट्यांवर आणि पायही खालच्या पट्ट्यांवर गुंतलेले. म्हणून अशा ऑर्गनला मोठ्या रचनांच्या वेळी बाजूला मदतनीस उभे राहतात आणि नेमक्या क्षणी खुंट्या ओढतात. त्यांचा हात चुकला तर सारी रचना बिघडते. त्यांना कोणी 'नुसते खुंटीवाले' म्हणत नाही.

विजेचे संगीत आले तेव्हा हा प्रश्न आणखी अवघड झाला. १९५० च्या दशकात आइंडहोवेनला फिलिप्सच्या प्रयोगशाळेत डिक रायमाकर्स आणि टॉम डिसेव्हेल्ट काम करीत. एकेक आवाज टेपवर घ्यायचा, टेप कात्रीने कापायची, तुकडे चिकटवायचे. १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात फिलिप्सच्या मंडपात वाजलेली एडगार वारेझची प्रसिद्ध रचनाही टेपवरचीच होती. लोकांनी ऐकले ते लाउडस्पीकरमधून. समोर वादक नव्हताच.

१९७० साली आलेला मिनीमूग रंगमंचावर नेता येई, पण त्याला स्मरणशक्ती नव्हती. एका गाण्याचा नाद दुसऱ्या गाण्यासाठी मोडला की पुन्हा सगळ्या कळा फिरवून जुळवायचा. कोणती कळ कुठे होती याची चित्रे वादक कागदावर काढून ठेवीत. १९७८ मध्ये अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांनी प्रॉफेट-५ आणला. त्यात चाळीस नाद साठवता येत आणि बटण दाबताच परत मिळत. यालाच प्रीसेट म्हणतात. म्हणजे त्या बटणामागे कोणीतरी आधी केलेली तासन् तासांची जुळवाजुळव असते.

१९८३ साली मिडी आले. एका कंपनीचे वाद्य दुसरीच्या वाद्याशी पाच टाचण्यांच्या साध्या केबलने बोलू लागले. नाद बदलण्याचा निरोप जेमतेम दोन आकड्यांचा: पहिला सांगतो 'अमुक वाहिनीवर नाद बदल', दुसरा त्या नादाचा क्रमांक, शून्य ते १२७. केबलमधून जायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. पण वाद्याला नवा नाद मांडायला वेळ लागतो, आणि पुष्कळ जुन्या वाद्यांत वाजत असलेल्या सुराची शेपटी तिथेच तुटते. म्हणून जाणता वादक श्वासाच्या जागी नाद बदलतो, किंवा पुढचा नाद दुसऱ्या वाद्यावर आधीच तयार ठेवतो.

ॲमस्टरडॅमला १९६९ पासून स्टाइम नावाची संस्था होती. ती २०२० साली बंद झाली. तिथले मिखेल वायस्विस्झ यांना बटण दाबून मोकळे होणे पसंत नव्हते. १९८४ मध्ये त्यांनी 'द हँड्स' हे साधन वापरात आणले. दोन्ही हातांत एकेक चौकट अडकवायची. तिच्यावर बोटांसाठी कळा, शिवाय हातांमधले अंतर आणि हाताचा कल मोजण्याची सोय. हात हलला की मिडीवरून सिंथेसायझरला हुकूम जाई. यंत्रातून नाद काढतानाही वादकाची मेहनत श्रोत्यांना दिसली पाहिजे, ही त्यांची धारणा २००८ साली निधन होईपर्यंत टिकली.

आपल्या मुंबईचेही उदाहरण आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्को ठेक्यात वाजवून तबकडी काढली. त्यांच्या ज्युपिटर-८ मध्ये चौसष्ट नाद साठवता येत. तबकडी तेव्हा फारशी चालली नाही. २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या डच कंपनीने ती पुन्हा काढली, जगभर नाव झाले आणि सत्तरी उलटल्यावर सिंगसाहेब युरोपात कार्यक्रम करू लागले. २०१५ मध्ये ते गेले. चौसष्ट नाद त्या वाद्याच्या प्रत्येक मालकाकडे होते. राग मात्र सिंगसाहेबांच्या बोटांत होते.

आता आपला बँजो. १९९१ मध्ये नादांची एक सामाईक यादी ठरली. तीत सतार १०५, लगेच पुढे १०६ वर बँजो, आणि शहनाई ११२. पण छापील यादी एकपासून मोजते, केबलमधला आकडा शून्यापासून. म्हणून सतारीसाठी १०४ पाठवावे लागते. आपल्याकडे वरचा कीबोर्ड शून्यापासून मोजणारा, खालचे यंत्र एकपासून. मुलाने यादीत पाहून १०५ दाबले. यंत्राने ते १०६ समजून बँजो दिला. बोट बरोबर होते, मोजणी दोन प्रकारची होती. मंडळाची ही दोन्ही यंत्रे एकमेकांना जोडून पाहण्यासाठी त्याला आदल्या दिवशी अर्धा तासही आम्ही दिला नव्हता. खुर्च्या मांडायला मात्र चार तास दिले.

तेव्हा यापुढे असे ठरवले आहे: गाण्यांच्या क्रमाने नाद साठवायचे, म्हणजे पायाच्या पेडलने पुढचा नाद येईल, प्रत्येक क्रमांक तालमीत वाजवून पाहायचा, आणि वाद्ये जोडायला वेळ राखून ठेवायचा.

राहिले त्या मुलाचे. बाळा, चूक आमची होती आणि हसलोही आम्हीच. पुढच्या तालमीला ये. सतारीची जागा तुझ्यासाठी तशीच ठेवली आहे.