गोळी आणि तींतील लोह



औषधाच्या एका डबीवर ‘२०० मिलिग्रॅम’ असें छापलेलें असतें, दुसरीवर ‘३०० मिलिग्रॅम’. रक्तक्षयानें थकलेली गृहिणी मोठा आंकडा पाहून दुसरी डबी उचलते, आणि कधीं कधीं नकळत जवळजवळ निम्मेंच लोह घरीं आणते. असें कां व्हावें, हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

लोहाचा हा गुण फार दिवसांपासून ठाऊक आहे. आपल्या वैद्यांनीं पांडुरोगावर मंडूर योजिलें. इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत थॉमस सिडनहॅम हा वैद्य फिकट पडलेल्या रोग्यांस लोखंडाचा कीस भिजविलेलें ऱ्हाइनकांठचें द्राक्षमद्य देत असे. गुण येई, पण मद्यांत लोह किती उतरलें, हें कोण मोजणार?

प्रमाणशीर औषध दिलें तें फ्रान्समधील बोकेर गांवच्या प्येर ब्लो या डॉक्टरानें. इ. स. १८३२ मध्यें त्यानें हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि पोटॅशियम कार्बोनेट यांच्या गोळ्या प्रसिद्ध केल्या. मोजून दिलेल्या गोळ्या आणि पायरीपायरीनें वाढविलेली मात्रा, ही त्याची पद्धत. पुढें त्याच शतकाच्या अखेरीस बुंगे या नामांकित शास्त्रज्ञानें शंका काढिली कीं, असलें खनिज लोह अंगीं लागतच नाहीं. तें केवळ आंतड्यांतील गंधकयुक्त द्रव्यांस अडकवून अन्नांतील लोह वांचवितें. एडिंबरोच्या राल्फ स्टॉकमननें १८९३ मध्यें याचा पडताळा पाहिला. त्वचेखालीं टोंचलेल्या लोहानें गुण आला. आधींच गंधकाशीं जखडलेल्या लोहानेंही आला. उलट गंधक अडकविणाऱ्या बिस्मथनें आला नाहीं.

म्हणजे गुण लोहाचा, गोळीच्या वजनाचा नव्हे. आतां त्रैराशिक मांडूं. स्फटिकरूप हिराकशीच्या २७८ भागांत लोह केवळ ५६. बाकी गंधक, प्राणवायु आणि पाणी. म्हणून तिच्या ३०० मिलिग्रॅमांत लोह सुमारें ६०. पाणी उडवून वाळविलेल्या हिराकशीच्या २०० मिलिग्रॅमांत तें सुमारें ६५. फेरस फ्युमरेटच्या २०० मध्यें जवळजवळ तितकेंच. पण फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मध्यें अवघें ३५. आपल्या गृहिणीची फसगत होते ती येथें. डबीवर ‘एलिमेंटल आयर्न’, म्हणजे मूळ लोह, या शब्दांपुढील आंकडा तेवढा खरा मानावा.

तर मग अधिक लोह घेतलें कीं अधिक गुण? तसेंही नाहीं. भारत सरकारच्या १९७० च्या योजनेंत गर्भवतींसाठीं रोजचें लोह ६० मिलिग्रॅम होतें. पुढें तें १०० झालें. २०१८ च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ योजनेंत पुन्हां ६० वर आलें. आपल्या यकृतांत हेप्सिडिन नांवाचें द्रव्य तयार होतें. मोठ्या मात्रेनंतर तें वाढतें आणि सुमारें एक दिवस आंतड्याचें दार ओढून घेतें. झुरिकच्या संशोधकांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोह कमी असलेल्या स्त्रियांनीं एक दिवसाआड घेतलेल्या गोळींतील लोहाचा अधिक अंश अंगीं लागला. तथापि मात्रा आणि दिवस डॉक्टरांनींच ठरवावे. आणि डबी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, कारण तेंच लोह लहानग्याच्या जिवावर बेततें.

सिडनहॅमच्या प्याल्यांत लोह किती, हें त्याच्या रोग्यास कळण्याचा मार्ग नव्हता. आपणांस तो आहे. डबीवर बारीक अक्षरांत तें छापलेलें असतें; चष्मा लावून वाचावें, इतकेंच.