स्पिनोझाकृत संदेष्ट्यांची व चमत्कारांची चिकित्सा

इ. स. १६७० च्या आरंभीं आम्स्टर्डॅम येथें 'ट्रॅक्टाटस थिऑलॉजिको-पॉलिटिकस' हा लॅटिन ग्रंथ निनांवी प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर हॅम्बुर्ग हें स्थळ व प्रकाशकाचें नांव हीं दोन्ही खोटीं होतीं. ग्रंथकर्ता बारूख स्पिनोझा यास ज्यू समाजानें १६५६ सालींच बहिष्कृत केलें होतें. आणि पाखंडी लेखनापायीं पकडलेला आड्रियान कूर्बाख १६६९ सालीं त्याच शहरीं बंदिवासांत मरण पावला होता. तेव्हां ही सावधगिरी अनाठायीं नव्हती.

स्पिनोझानें चमत्कार खोटे ठरविले, एवढेंच सांगून थांबल्यास त्याच्या ग्रंथाचें मर्म हातीं लागत नाहीं. त्यांत दोन भिन्न पद्धति आहेत, व त्या वेगळ्या ओळखणें इतिहासाभ्यासकास अगत्याचें आहे.

पहिली पद्धति संदेष्ट्यांविषयींची. येथें तो केवळ बायबलाच्याच आधारें बोलतो. संदेष्ट्यांची कल्पनाशक्ति तीव्र होती, बुद्धि असामान्य नव्हती. आनंदी वृत्तीच्या संदेष्ट्यास जय व शांति दिसे, खिन्न वृत्तीच्यास युद्धें व संकटें. नीतीविषयीं त्यांचा शब्द मानावा, सृष्टिज्ञानाविषयीं मानूं नये. यहोशवासाठीं सूर्य थांबला, या कथेवरून सूर्य फिरतो अशी यहोशवाची समजूत होती, इतकेंच निष्पन्न होतें. याच पद्धतीनें, मोशेच्या म्हणविल्या जाणाऱ्या पुस्तकांत त्याच्याच मृत्यूचें व दफनाचें वर्णन आहे हें दाखवून, तीं पुस्तकें पुष्कळ मागाहून, बहुधा एज्रानें, रचिलीं असें तो अनुमान काढतो. ग्रंथाची भाषा, कर्त्याचा काळ व प्रसंग, आणि पुढें तो ग्रंथ कोणाकोणाच्या हातून गेला, हें सर्व तपासल्याविना अर्थ करूं नये, हा त्याचा दंडक.

दुसरी पद्धति सहाव्या प्रकरणांतील चमत्कारांविषयींची. सृष्टिनियम हेच ईश्वरी संकल्प असल्यामुळें त्यांचा भंग संभवत नाहीं. ज्याचें कारण लोकांस उमगत नाहीं त्यास ते चमत्कार म्हणतात. हें प्रतिपादन मुख्यतः तर्काधिष्ठित असून येथें आपण निराळ्या मार्गानें गेलों, हें स्पिनोझानें स्वतःच नमूद केलें आहे. साक्षीपुराव्याचें बलाबल तोलण्याचा मार्ग ह्यूमनें पुढें १७४८ सालीं स्वीकारला.

यावरून असें म्हणतां येईल कीं, सहाव्या प्रकरणाचें प्रतिपादन स्पिनोझाची ईश्वरविषयक कल्पना मान्य असेल त्यासच पटेल. पण ग्रंथपरीक्षणाचा त्याचा दंडक आस्तिक व नास्तिक दोघांसही सारखाच वापरतां येतो. हॉलंडमध्यें १६७४ सालीं हॉब्झच्या 'लेव्हायथन'बरोबर या ग्रंथावरही बंदी आली. तथापि बायबलाच्या पुढील ऐतिहासिक चिकित्सेस या दंडकाचाच पाया लाभला.