न्या. टी. मुथुस्वामी अय्यर : मद्रास उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय न्यायमूर्ती

तंजावूर : मद्रास उच्च न्यायालयाचे पहिले भारतीय न्यायमूर्ती सर टी. मुथुस्वामी अय्यर यांचा जन्म २८ जानेवारी १८३२ रोजी तत्कालीन तंजावूर जिल्ह्यातील एका गरीब कुटुंबात झाला. पितृछत्र लवकर हरपल्याने बालपणीच त्यांना गावच्या हिशेबनिसाच्या हाताखाली दरमहा एक रुपया वेतनावर काम करावे लागले. तिरुवारूरच्या तहसीलदारांनी त्यांची बुद्धिमत्ता हेरून मद्रास येथील शिक्षणासाठी साहाय्य केले.

१८५६ मध्ये तरंगमबाडी येथे जिल्हा मुन्सफ म्हणून त्यांची न्यायालयीन कारकीर्द सुरू झाली. १८७१ मध्ये ते मद्रासच्या लघुवाद न्यायालयात न्यायाधीश झाले.

त्यानंतर उच्च न्यायालयावर झालेल्या त्यांच्या नियुक्तीला इंग्रजांच्या मालकीच्या वृत्तपत्रांनी कडाडून विरोध केला. त्यास उत्तर देण्यासाठी सहा तरुणांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी ‘द हिंदू’ हे साप्ताहिक सुरू केले. अशा रीतीने एका न्यायमूर्तींच्या नियुक्तीचा वाद दक्षिणेतील राष्ट्रीय वृत्तपत्रसृष्टीच्या उभारणीस कारणीभूत ठरला.

१८९३ मध्ये अय्यर यांनी काही काळ प्रभारी मुख्य न्यायमूर्तिपद भूषविले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात महादेव गोविंद रानडे यांची नियुक्ती झाली. जानेवारी १८९५ मध्ये अय्यर यांचे निधन झाले. मद्रास उच्च न्यायालयात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.